देवळाची झाली जकात कचेरी

ऑर्वेन्नामध्ये देव नव्हते, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू झाला.

ऑर्वेन्ना हे जग लोवेल हौगेनने स्वतः रचले होते. डुलुथच्या कौंटी कचेरीत कुत्र्यांचे आणि होड्यांचे परवाने देण्याच्या खिडकीमागे बसून त्याचे केस पांढरे झाले, आणि ते होत असताना, समोर कोणी नसले की, तो या जगातल्या नद्या, डोंगर, राजघराणी आणि त्यांची भांडणे तयार करीत बसे. तिथले देव एका दुष्काळात आपसांत भांडून कायमचे निघून गेले होते. ड्रॅगन साथीच्या रोगाने मेले होते. शेवटच्या ड्रॅगनच्या अंत्ययात्रेचे वर्णन वाचायलाच एक अख्खी दुपार लागे. आणि मेलेली माणसे तिथे मेलेलीच राहत. इतर कुणाच्या जगात भुते-प्रेते कशी मोकाट हिंडतात हे लोवेल ज्या सुरात सांगे, त्या सुरात बाकीचे लोक शेजाऱ्याच्या अंगणातल्या गवताबद्दल बोलतात.

दर शनिवारी दुपारी डॅरेल प्रस्टच्या तळघरात हे जग टेबलावर मांडले जाई. लोवेल गोष्ट सांगे, बाकीचे तिच्यातले एकेक पात्र होऊन वागत, आणि कोण वाचले, कोण मेले हे फासे ठरवीत. एके काळी त्या टेबलाभोवती खुर्च्या पुरत नसत. मग एक जण ॲरिझोनाला गेला, एक देवाघरी गेला, आणि आणखी काही जण कुठेच गेले नाहीत. फक्त यायचे बंद झाले. किराणा दुकानात लोवेल दिसला की ते सूपच्या डब्यांच्या रांगेत वळत.

उरला होता डॅरेल, जो घरे तापवणाऱ्या भट्ट्या दुरुस्त करीत असे आणि खेळात तलवारबहाद्दर होत असे. उरली होती कॉनी सोबचॅक. ती शाळेची बस चालवी, खेळात वैदूबाई होई आणि दर शनिवारी लिंबाच्या वड्या करून आणी. तिचा घटस्फोट झाल्याला बरीच वर्षे झाली होती. लोवेलचे लग्नच झाले नव्हते. लोवेलने या दोन गोष्टींचा एकत्र विचार पुष्कळदा केला होता. कॉनीने केला होता की नाही हे विचारायचे त्याला धाडस झाले नव्हते. आणि अलीकडे डॅरेलचा जावई ब्रॉडी लुंडीन येऊ लागला होता. तो तिशीतला होता, आणि त्याला सगळे ठाऊक असे.

त्या शनिवारी ब्रॉडीने पिशवीतून एक जाडजूड, चकचकीत पुस्तक काढले आणि वड्यांच्या ताटाशेजारी ठेवले.

"नऊ घंटांचं देऊळ," तो म्हणाला. "डेमियन क्रोलची मोहीम. तयार, छापील. सगळा देश खेळतोय. मी उघडून बघितलेली नाही हं, नाहीतर मजा जायची. नुसते लोकांचे अभिप्राय वाचलेत."

"आपल्याकडे ऑर्वेन्ना आहे," लोवेल म्हणाला.

"आहे रे बाबा," डॅरेल म्हणाला. "तेच तर..."

कॉनीने टेबलाखालून त्याला लाथ मारली. ती लोवेलला लागली.

"लोवेल, राग नको मानू," कॉनी म्हणाली. "पण गेला महिनाभर आपण मिठावरच्या कराची वाटाघाट करतोय. माझ्या वैदूबाईनं किती दिवसांत एक फोडसुद्धा बांधलेला नाही."

"दोन राज्यांमधलं युद्ध त्या मिठावर अवलंबून आहे!"

"मग होऊ दे की युद्ध," डॅरेल म्हणाला. "मी तलवार घेऊन बसलोय ना केव्हाचा!"

लोवेलने चष्मा काढला आणि टायच्या टोकाने पुसला. शनिवारीसुद्धा तो टाय लावी. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर एक ड्रॅगन सूर्यदेवाच्या देवळाला विळखा घालून आग ओकत होता आणि पायऱ्यांवरून सांगाडे धावत येत होते. म्हणजे देव, ड्रॅगन आणि उठलेले मुडदे, तिन्ही एकाच चित्रात. आपल्या आयुष्याकडे कुणीतरी बोट दाखवून हसते आहे असे त्याला वाटले. पण नाही म्हटले तर पुढच्या शनिवारी ही तीन माणसेही सूपच्या डब्यांमागे दिसतील, हेही त्याला वाटले.

"ठीक आहे," तो म्हणाला. "खेळू. पण ऑर्वेन्नात. मी बसवतो ते आपल्या जगात."

"बसवा की," ब्रॉडी उदारपणे म्हणाला. "फक्त चांगलं बिघडवू नका म्हणजे झालं."

सोमवारपासून लोवेल खिडकीमागे पुस्तक घेऊन बसला. वरवर पाहता काम सोपे होते. गावांची नावे बदलायची, नद्या वळवायच्या, संपले. पण ऑर्वेन्नात देव नव्हते, त्यामुळे देऊळ असायचे काही कारण नव्हते. मग त्या डोंगरमाथ्यावर एवढी मोठी दगडी इमारत कुणी आणि कशाला बांधली असेल? लोवेलने विचार केला. देवाच्या खालोखाल लोकांना रांगेत उभे करण्याची ताकद एकाच गोष्टीत असते. देवळाची जकात कचेरी झाली.

जकात कचेरी झाल्यावर नऊ घंटांचा प्रश्न आला. मूळ पुस्तकात त्या योग्य क्रमाने वाजवल्या की तळघराचे दार उघडत असे. कचेरीत घंटा कशाला असतील? त्याच्या स्वतःच्या खिडकीवर एक होती. बाहेरचा माणूस ती वाजवी आणि आतला माणूस मान वर करी. म्हणजे नऊ घंटा, नऊ खिडक्या. ज्याला तळघरात जायचे आहे त्याने नऊही खिडक्यांवर शिक्के मिळवायचे, आणि तेही योग्य क्रमाने. हा क्रम कुठेही लिहिलेला नसे. इथे लोवेलच्या चेहऱ्यावर वर्षानुवर्षांत प्रथमच कचेरीच्या वेळात हसू उमटले, आणि कुत्र्याच्या परवान्यासाठी आलेली बाई घाबरून म्हणाली, "काही चुकलं का हो माझं?"

तळघरात ड्रॅगन होता; तो ठेवता येईना. ड्रॅगन साथीत मेले होते आणि तो अंत्ययात्रेचा मजकूर रद्द करायला लोवेल तयार नव्हता. मग कचेरीच्या पोटात शतकानुशतके काय साठते? निकालात न निघालेले अर्ज. त्या अर्जांचाच एक प्राणी झाला. अवाढव्य, पिवळट, सळसळणारा, आणि उत्तर न मिळाल्यामुळे चवताळलेला.

राहिला मुख्य पुजारी. पुस्तकात तो पांढऱ्या दाढीचा, गोड बोलणारा आणि शेवटी दगा देणारा होता. त्याच्या जागी लोवेलने पहिल्या खिडकीवर एक कारकून बसवला. त्याचे नाव ओब्रिक ठेवले. ओब्रिक अर्धी भाकरी दुपारी खाई आणि अर्धी घरी नेई, कारण घरी कुणी वाट पाहणारे नसले तरी रात्रीच्या जेवणाला काहीतरी हवे. तो कुणावर ओरडत नसे. कुणी ओरडले तर चष्मा पुसत बसे. त्याने दगा द्यावा म्हणून लोवेल दोन दिवस खटपट करीत राहिला, पण ते काही त्याच्याच्याने होईना.

बाकीच्या भागाला मात्र त्याने हात लावला नाही. वेळही नव्हता आणि जीवही राहिला नव्हता. पुलावरचा राक्षस, यमक जुळवून बोलणारा फिरता व्यापारी आणि जिथे तिथे पेरलेली लांबलचक वर्णने त्याने जशीच्या तशी ठेवली.

शनिवारी खेळ सुरू झाला तो पुलावर.

"'थांबा, पांथस्थांनो!'" लोवेलने क्रोलचा मजकूर वाचला. "'माझे कोडे सोडवाल तर पलीकडे जाल. पाय नाहीत तरी धावते...'"

"नदी," डॅरेल म्हणाला.

"अजून कोडं पुरं नाही झालं."

"नदीच आहे. पुढे चल."

"लोवेल," ब्रॉडी हळुवारपणे म्हणाला, "हा राक्षस तुमचा ना? नाही, कळतंच. क्रोल असलं पोरकट लिहिणार नाही."

"हे पुस्तकातलंच आहे."

"बरं बरं," ब्रॉडी म्हणाला आणि त्याने कॉनीकडे बघून भुवया उडवल्या.

यमक जुळवणारा व्यापारी आला तेव्हा डॅरेल उठून भट्टी तपासायला गेला. स्वतःच्या घरातली भट्टी तो एरवी कधी तपासत नसे. लोवेलने व्यापाऱ्याला मधेच गावाला पाठवले आणि मंडळींना एकदम डोंगरमाथ्यावर, जकात कचेरीच्या दारात नेऊन उभे केले.

"आत रांग आहे," तो म्हणाला. "पहिल्या खिडकीमागे एक कारकून आहे. तो वर बघत नाही."

"मी तलवार उपसतो," डॅरेल म्हणाला.

"'तलवारीची नोंद चौथ्या खिडकीवर,'" लोवेल ओब्रिकच्या आवाजात म्हणाला. त्यासाठी त्याला आवाज बदलावा लागला नाही. "'उपसलेली असेल तर सातव्या.'"

डॅरेल असा हसला की वरून त्याच्या बायकोने काय झाले म्हणून विचारले.

त्यानंतर कुणी भट्टी तपासायला गेले नाही. कॉनीच्या वैदूबाईने जखमा बांधायला घेतल्या, तर ओब्रिकने विचारले, "'जखम राज्याच्या हद्दीत झालेली आहे, की बाहेर?'" ब्रॉडीचा जादूगार अदृश्य होऊन रांग मोडून पुढे गेला, तर अदृश्य माणसाला शिक्का कुठे मारायचा म्हणून त्याचा अर्ज परत आला. क्रम कुणाला माहीत नव्हता. पाचव्या खिडकीचा शिक्का आठवीशिवाय मिळेना आणि आठवीवाला पाचवीचा मागत होता. तीन शनिवार ते त्या कचेरीतून बाहेर पडले नाहीत. पडावे असे कुणाला वाटलेच नाही. कॉनीचे पात्र रोज ओब्रिकसाठी चहा नेऊ लागले.

"हा क्रोल माणूस काय आहे रे!" डॅरेल डोळे पुसत म्हणाला. "देवळाचं नाव देतो आणि आत जकात कचेरी! कुणाच्या डोक्यात येईल?"

"माझ्या," लोवेल म्हणाला.

सगळे हसले. ओब्रिकच्या कुठल्याही वाक्याला हसले होते त्याहून जास्त हसले.

"खरंच सांगतोय. कचेरी मी केली. मूळ पुस्तकात देऊळच आहे."

"लोवेल," डॅरेल त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "तू चांगलं वाचतोयस. मनापासून सांगतो. इतकं चांगलं तू कधीच वाचलं नव्हतंस. मग उगाच कशाला फुशारकी?"

शेवटच्या शनिवारी नऊ शिक्के पुरे झाले आणि दार उघडले. ओब्रिक खिडकी बंद करून त्यांच्याबरोबर खाली उतरला. तळघरात तो प्राणी सळसळत उठला. डॅरेलची तलवार त्याच्या अंगातून आरपार जाई आणि दोन अर्जांचे चार होत. फासे विरुद्ध पडत होते. वैदूबाई घायाळ झाली, जादूगाराची जादू संपली. तेव्हा ओब्रिक पुढे गेला, जमिनीवर बसला, प्राण्याच्या अंगावरचा एक कागद त्याने हलकेच सोडवून घेतला आणि वाचायला लागला. कुठल्या तरी विधवेचा बांधाबद्दलचा अर्ज होता. वाचून झाल्यावर तो म्हणाला, "'तुमचं म्हणणं ऐकलं.'" आणि त्याने दुसरा घेतला.

प्राणी शांत झाला. पण ओब्रिकला उठता येईना, कारण कागद खूप होते. "'तुम्ही जा,'" तो मंडळींना म्हणाला. "'दार ओढून घ्या. मला वेळ आहे.'"

कॉनीने कागदी रुमाल काढून नाक शिंकरले.

"किती एकटा माणूस," ती म्हणाली. "आणि किती चांगला. लोवेल, या लेखकानं असा माणूस पाहिलेला असणार बघ. अगदी जवळून. त्याशिवाय नाही लिहिता येत." ती थोडी हसली. "मला असा कुणी भेटला असता ना, तर मी लग्न करून मोकळी झाले असते."

लोवेलने चष्मा काढला आणि टायच्या टोकाने पुसू लागला. तो बराच वेळ पुसत राहिला, म्हणजे कुणाच्या तरी लक्षात यावे. कॉनीने त्याच्यासमोर रुमाल सरकवला. "हा घे. टायनं पुसलं की काचेवर ओरखडे येतात."

मग लोवेलने पुस्तकच उघडले आणि टेबलावर ठेवले. "हे बघा. हा पुजारी. हा ड्रॅगन. ओब्रिक कुठे आहे दाखवा मला."

"मिट ते, मिट!" डॅरेलने डोळ्यांवर हात घेतले. "मला पुन्हा खेळायचंय कधीतरी. सगळं आधीच कळलं तर काय मजा?"

"मला नको बाई आतलं दाखवू," कॉनी म्हणाली. "जादू निघून जाते."

ब्रॉडी मोबाइलवर काहीतरी बघत होता. "ऐका, ऐका," तो म्हणाला. "पुढच्या महिन्यात मिनिॲपोलिसला खेळांचा मेळावा आहे. आणि डेमियन क्रोल स्वतः येतोय."

कॉनीच्या गाडीतून सगळे मिनिॲपोलिसला गेले. रेल्वेच्या प्रत्येक फाटकापाशी ती गाडी पूर्ण थांबवी, काच खाली करी आणि कानोसा घेई; शाळेच्या बसला तसा नियमच असे, त्याची ती सवय होती. लोवेल पुढच्या सीटवर बसला होता. वाटेत त्याने मनाशी सगळे ठरवले. क्रोलला ओब्रिकबद्दल कुणीतरी विचारणारच. क्रोल म्हणणार, कोण ओब्रिक? मग सगळे लोवेलकडे वळणार. कॉनीही वळेल. त्या क्षणी आपण काय बोलायचे याची तीन वाक्ये त्याने तयार केली होती, आणि ती फार नम्र होती.

हॉटेलच्या मोठ्या दालनात क्रोलसमोर लांब रांग होती. क्रोल काळ्या कोटातला, बारीक दाढीचा, दमलेला माणूस होता आणि त्याच्यासमोरची कॉफी गार झालेली होती. डॅरेलने एक नवी कोरी प्रत विकत घेतली होती, प्लास्टिकच्या वेष्टनातली.

"वेष्टनावरच करा सही," तो क्रोलला म्हणाला. "उघडायचीच नाहीये. फ्रेम करून लावणार आहे."

क्रोलने सही केली. कॉनी टेबलावर पुढे झुकली. "मला एकच विचारायचंय. त्या कारकुनाला तुम्ही खालीच का ठेवलंत?"

क्रोलने वर पाहिले. "कारकून?"

लोवेल एक पाऊल पुढे सरकला. त्याने घसा साफ केला.

"जकात कचेरीतला," कॉनी म्हणाली. "अर्ज वाचत बसतो तो. मी रडले हो. घरी जाऊनसुद्धा रडले. इतक्या वर्षांत कुठल्याच खेळानं मला रडवलं नव्हतं."

क्रोल तिच्याकडे पाहत राहिला. तिचे डोळे आताही ओले होते. मागे रांगेत माणसे ऐकत होती. सकाळपासून शेकडो लोकांनी त्याला पुलावरच्या राक्षसाबद्दल सूचना केल्या असाव्यात. त्याचा चेहरा हळूहळू सैल झाला.

"तो कारकून," तो म्हणाला. "हो. त्याच्यावर माझा फार जीव होता."

"मला वाटलंच!" कॉनी म्हणाली. "कुठे भेटला होता तुम्हाला?"

"अशी माणसं सगळीकडे असतात," क्रोल म्हणाला, आणि त्याला ते बोलताना स्वतःलाच पटत गेले. "आपल्या शेजारी उभी असतात. आपलं लक्ष नसतं, इतकंच."

कॉनीने मान हलवली. तिच्या शेजारी लोवेल उभा होता.

"कुठल्या पानावर आहे तो?" लोवेलने विचारले. तयार केलेल्या तिन्ही वाक्यांत हे नव्हते.

"लोवेल!" डॅरेल दातांवर दात ठेवून पुटपुटला. "लाज काढू नकोस."

क्रोल आणि लोवेल एकमेकांकडे पाहू लागले. क्रोलला कळले. ते लोवेलला स्पष्ट दिसले. क्रोलचे कान लाल झाले होते. एक शब्द बोलला असता तरी पुरला असता. पण रांग लांब होती, आणि कॉनी त्याच्याकडे ज्या नजरेने पाहत होती त्या नजरेने त्याच्याकडे तरी कोण रोज पाहत असेल!

"तो पानांवर नाहीये," क्रोल म्हणाला. "ओळींच्या मधे आहे."

"आहाहा!" ब्रॉडी म्हणाला.

"तुम्हीही खेळता का?" क्रोलने लोवेलला घाईने विचारले.

"हा लोवेल," कॉनी म्हणाली. "हा आम्हाला वाचून दाखवतो."

परत येताना लोवेल मागच्या सीटवर बसला. पुढे ब्रॉडी बसला होता आणि ओळींच्या मधे काय काय असते ते कॉनीला समजावून सांगत होता. फाटके आली की गाडी थांबे, आणि त्या शांततेत लोवेलला वाटे की आत्ता सांगावे. पण सांगायचे काय? की तुम्ही ज्याच्यासाठी रडलात तो मी आहे? असे वाक्य ज्याला मोठ्याने बोलता येते तो माणूस ओब्रिक नसतो. गाडी पुन्हा सुरू होई.

पुढच्या शनिवारी तळघराच्या भिंतीवर, भट्टीच्या वर, ते पुस्तक काचेच्या फ्रेममध्ये लागले होते. टेबलावर क्रोलची दुसरी मोहीम होती: बुडालेल्या राणीचा मुकुट.

"ही आपण ऑर्वेन्नाबिर्वेन्नात नको खेळू या," डॅरेल म्हणाला. "त्यानं लिहिलंय तस्सं खेळू. शब्दाला शब्द. मागच्या वेळी तो पूल आणि तो व्यापारी घुसडलास ना, तेवढाच काय तो भाग पडला होता."

"शब्दाला शब्द," लोवेल म्हणाला. "चालेल."

ऑर्वेन्नाचे नकाशे त्याने घरूनच आणले नव्हते. मुकुटाची मोहीम त्याने नुसती वाचायची ठरवली, आणि कबूल केल्याप्रमाणे एकही शब्द इकडचा तिकडे केला नाही.

"'तुमच्यासमोर एक प्राचीन दीपगृह उभे आहे,'" तो वाचू लागला. "'त्याच्या भिंतींवर काळाच्या जखमा आहेत. अंधार जणू तुमची वाट पाहत आहे. वारा जणू काही सांगू पाहत आहे. तुमच्या मनात एक अनामिक हुरहूर दाटून येते.'"

डॅरेलने जांभई दिली. लोवेल वाचत राहिला. दीपगृहाच्या पायऱ्या आल्या. त्याही प्राचीन होत्या. एक म्हातारा रखवालदार आला आणि त्याने राणीच्या घराण्याचा इतिहास सांगितला. कॉनी वडीचे बारीक बारीक तुकडे करू लागली. ब्रॉडीने मोबाइल काढला, आणि डॅरेलची नजर भट्टीकडे गेली.

"थांब," डॅरेल म्हणाला. "थांब जरा. लोवेल, खरं सांग. हे तुझं आहे ना?"

"कुठलं?"

"हे जणू-जणू. हुरहूरबिरहूर. तो म्हातारा."

"एवढं ठरलं होतं आपलं," ब्रॉडी म्हणाला. "क्रोल असं लिहितच नाही हो. मला त्याची शैली माहितीय."

लोवेलने पुस्तकाकडे पाहिले. ते उघडेच होते. उलटे करून त्यांच्यासमोर सरकवायचे, बोट ठेवायचे, एवढेच काम होते. त्याने कॉनीकडे पाहिले. ती त्याच्याकडेच पाहत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. दया होती, ती अशी की तिच्यापुढे पुस्तक सरकवणे क्रूरपणाचे झाले असते.

"हो," लोवेल म्हणाला. "माझंच आहे."

"कळलं होतं मला!" डॅरेल म्हणाला. त्याला इतका आनंद झाला की त्याने लोवेलला लगेच क्षमा केली.

"वाईट वाटून घेऊ नकोस," कॉनीने त्याच्या मनगटावर हात ठेवला. इतक्या वर्षांत तिने पहिल्यांदाच ठेवला होता. "सगळ्यांनाच नाही जमत ते. त्यात कमीपणा काही नाही. आता मात्र त्याचं आहे तेवढंच वाच हं. आमच्यासाठी."

"बरं," लोवेल म्हणाला.

त्याने पान उलटले, आणि जिथे थांबला होता त्याच्या पुढच्याच ओळीपासून वाचायला सुरुवात केली.

"'दीपगृहाचे दार प्राचीन आहे. त्याच्यावर काळाच्या जखमा आहेत. पलीकडचा अंधार जणू तुम्हाला ओळखतो.'"

डॅरेल पुढे सरकून बसला. ब्रॉडीने मोबाइल उलटा ठेवला आणि डोळे मिटले.

"बघा!" तो म्हणाला. "'अंधार ओळखतो'. याला म्हणतात लेखक."

"फरक लगेच कळतो," कॉनी म्हणाली.